वाहनाची उंची : कमान, भार आणि सुरक्षितता
(व्याख्यानाचा मजकूर)



ज्या वाहनाने महाराष्ट्रातील खेडी आणि तालुक्याची कचेरी यांच्यातील अंतर पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कमी केले, ते वाहन म्हणजे जीप होय. आज अशा जुन्या जीपगाड्या हौसेने विकत घेऊन नव्याने बांधल्या जातात. कोणी तिची उंची वाढवितो, तर कोणी ती खाली बसवून घेतो. खाली बसलेली गाडी डौलदार दिसते, वळणावर कमी झुकते, वृद्धांना आणि मुलांना तीत चढणे सोपे जाते, अशी कारणे त्यासाठी दिली जातात. ही कारणे सर्वस्वी खोटी नाहीत. परंतु वाहनाची उंची ही केवळ शोभेची बाब नसून भार, रस्ता आणि कमान या तिघांनी मिळून केलेला तो एक करार असतो. त्या करारातील एक कलम परस्पर बदलले म्हणजे उरलेली कलमे कशी बाधित होतात, याचा विचार करणे हे या व्याख्यानाचे प्रयोजन आहे.

जीपला उंची कोठून आली

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या लष्कराने हलक्या टेहळणी वाहनासाठी १३५ कारखान्यांकडून प्रस्ताव मागविले. बँटम या लहानशा कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा तयार केला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना लष्करापुढे उभा राहिला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी ही वाहने मोठ्या संख्येने बनविली. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये अवघे ८० इंच अंतर, चारही चाकांना इंजिनाची शक्ती आणि खाली पोलादी पाट्यांच्या कमानी, अशी तिची बांधणी होती. चिखल, ओढे आणि दगडगोटे यांतून जाताना पोट जमिनीला लागू नये आणि चाकाला वर-खाली होण्यास पुरेशी जागा मिळावी, यासाठी तिचा सांगाडा उंच ठेवण्यात आला होता.

महायुद्ध संपल्यानंतर हीच गाडी नागरी रूपात आली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९५३ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘सीजे-३बी’ या नमुन्यात नवे इंजिन अधिक उंच असल्याने पुढचे झाकणही उंच झाले. तेच उंच नाक आपल्याकडे दीर्घकाळ ‘जीप’ या शब्दाचे चित्र होऊन राहिले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. विकास गटाची जीप हे त्या काळातील ग्रामीण प्रशासनाचे एक ओळखचिन्हच ठरले. बैलगाडीच्या चाकोरीतून आणि नदीच्या उतारातून ती जाऊ शकली, याचे मोठे श्रेय तिच्या उंचीला द्यावे लागेल.

कमानीचे कार्य

गॅरेजमध्ये ज्याला ‘पाटे’ म्हणतात ती कमान म्हणजे एकावर एक ठेवलेल्या, खाली लहान होत जाणाऱ्या वक्र पोलादी पट्ट्यांची जुडी. सर्वात लांब पट्टी हा मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. एक डोळा चासीला पक्का जोडलेला असतो, तर दुसरा ‘शॅकल’ नावाच्या झुलत्या दुव्याने जोडलेला असतो, कारण कमान दाबली जाताना तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला वाट हवी असते. मध्यभागी सेंटर बोल्ट पाट्यांना एकत्र धरून ठेवतो आणि यू-बोल्ट ही सगळी जुडी एक्सलला जखडून ठेवतात. ही कमान केवळ धक्के सोसत नाही. एक्सलला जागेवर धरणे, ब्रेक लावताना त्याला फिरू न देणे, ही कामेही तीच करते.

कमानीची ताकद पाट्यांच्या संख्येवर अवलंबून असते, रुंदीवर असते आणि जाडीवर तर त्याहून फार अधिक असते. पाट्याची जाडी निम्मी झाली की त्याचा ताठपणा एक अष्टमांशावर येतो. गाडी स्थिर उभी असताना एक्सल आणि चासीवरील रबरी ठोकळा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, ती कमानीची शिल्लक होय. खड्ड्यातून चाक उसळते तेव्हा हीच शिल्लक खर्च होते. ती निम्म्यावर आणली, तर तोच धक्का तळ न गाठता पेलण्यासाठी कमान चौपट ताठ करावी लागते. उंची कमी करावी आणि गाडी पूर्वीइतकीच मऊ राहावी, या दोन इच्छा एकाच वेळी पूर्ण होत नाहीत, याचे कारण या साध्या हिशेबात आहे.

उंची कमी करण्याच्या रीती

पहिली रीत म्हणजे पाटे काढून टाकणे. ती सर्वात स्वस्त आणि सर्वात घातक आहे. आठ पाट्यांतील समान जाडीचे दोन पाटे काढले, तर उरलेल्या प्रत्येक पाट्यावर पूर्वीपेक्षा सुमारे एक तृतीयांश अधिक ताण येतो. गाडी खाली येते ती कमान दुबळी झाल्यामुळे येते. रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही. घाटातील उतारावर, भरल्या गाडीत ब्रेक लावताना ते जाणवते, आणि तेव्हा मुख्य पाटा मोडला तर एक्सल जागा सोडतो.

दुसरी रीत म्हणजे पाट्यांचा वाक कमी करणे. हे काम योग्य यंत्रावर, पाटा थंड असताना, अनुभवी कारागिराने केले तर त्यात वावगे काही नाही. परंतु वाक लवकर उतरावा म्हणून पाटा गॅसच्या ज्योतीने लालभडक तापविला जातो, तेव्हा पोलादाला दिलेले पाणी उतरते. कोयत्याचे पाणी उतरले की तो ऊस तोडीत नाही. पाट्याचे पाणी उतरले की तो भार तोलीत नाही. तो हळूहळू आणखी बसत जातो किंवा तापविलेल्या जागेच्या कडेला तडकतो. ज्याला वाक बदलायचा आहे, त्याने कमी वाकाचे, त्याच भाराला योग्य असे नवे पाटे कारखान्यातून करून घेणे हाच निर्धोक मार्ग होय.

तिसरी रीत म्हणजे एक्सल आणि कमान यांच्यामध्ये ठोकळा बसविणे. येथे वाहनावाहनांत फरक आहे. जुन्या जीपमध्ये कमान एक्सलच्या खालून जाते. तेथे मधला ठोकळा कमानीला खाली ढकलतो आणि म्हणून सांगाडा खाली येतो. मालमोटारीत कमान सामान्यतः एक्सलच्या वर असते. तेथे ठोकळा घातला तर गाडी उलट उंच होते. अशा वाहनाची उंची कमी करण्यासाठी कमान एक्सलच्या खाली घेण्याची पद्धत परदेशांतील हौशी मंडळी हलक्या पिकअप गाड्यांवर वापरतात. ठोकळा पोलादाचा आणि नेमक्या मापाचा असावा लागतो. लाकडाचा अथवा एकावर एक रचलेल्या तुकड्यांचा ठोकळा ब्रेकच्या झटक्याने सरकू शकतो. कमान सोडली की यू-बोल्ट नवे घालावेत आणि भारासह काही अंतर चालविल्यावर ते पुन्हा आवळावेत, हा नियम कोणत्याही रीतीत पाळावाच लागतो.

चौथी रीत शॅकलची लांबी किंवा तिचा टेका बदलण्याची आहे. कमानीचे एकच टोक हलविले, तर एक्सलजवळ त्याच्या निम्माच फरक पडतो, आणि त्याबरोबर एक्सल किंचित कलंडतो. पुढच्या एक्सलचा हा कल बदलला की स्टिअरिंग सोडल्यावर चाके आपोआप सरळ होण्याचा गुण बिघडतो. वेगात हँडल थरथरू लागते ते पुष्कळदा अशाच बदलामुळे.

एक समजूत

गाडी खाली आणली म्हणजे सर्व भाग सारखेच जमिनीजवळ येतात, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. चाकाचा आकार तोच राहिला, तर एक्सल आणि त्याच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा यांची जमिनीपासूनची उंची बदलत नाही. खाली येतो तो सांगाडा, म्हणजे त्याबरोबर पायदान, धुराडे आणि इंधनाची टाकीही. ठोकळा घातलेल्या जीपमध्ये तर यू-बोल्टच्या पट्ट्याही जमिनीजवळ जातात. गावातील गतिरोधकावर याची परीक्षा होते. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. त्याऐवजी अरुंद आणि उंच वरंबा घातला, तर बसलेल्या गाडीचे पोट त्यावर आपटते. तेव्हा मानकाप्रमाणे गतिरोधक बांधला जातो की नाही, हे पाहण्याकडे पंचायत सदस्यांनीही लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

लाभ किती, हानी किती

उंच आणि अरुंद वाहन वळणावर उलटण्याचा धोका अधिक असतो, हे निर्विवाद आहे. १९८० च्या अखेरीस अमेरिकेत ‘सीजे-५’ जीप वळणावर उलटत असल्याच्या चाचण्यांची दृश्ये दूरचित्रवाणीवर दाखविली गेली आणि त्यावर मोठी चर्चा झाली. पुढे २००१ पासून तेथील वाहतूक सुरक्षा प्रशासन प्रत्येक नमुन्याच्या उलटण्याच्या धोक्याचे मूल्यमापन प्रसिद्ध करू लागले. त्याचा पाया असलेले गणित शाळेतील विद्यार्थ्यालाही समजेल असे आहे. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागले की स्थैर्याचा अंक मिळतो. मोटारगाड्यांचा हा अंक बहुधा १.३ ते १.५, तर उंच वाहनांचा १.० ते १.३ या मर्यादेत असतो.

उदाहरणादाखल समजा, एका जीपचे वजन १,२०० किलो आहे, चाकांमधील अंतर १२० सेंटिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंचीवर आहे. तिचा अंक १.० आला. कमानी बदलून गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर खाली आणला, तर अंक सुमारे १.०९ होतो. (चाके व एक्सल खाली येत नसल्याने त्यासाठी सांगाडा पाच सेंटिमीटरहून अधिकच उतरवावा लागतो.) हा लाभ खरा आहे. आता त्याच उतरविलेल्या जीपच्या टपावर प्रत्येकी साठ किलोची पाच माणसे बसली असे समजा. त्यांचा भार जमिनीपासून दोन मीटरवर धरला, तर एकूण गुरुत्वमध्य ८४ सेंटिमीटरवर जातो आणि अंक सुमारे ०.७१ उरतो. कमानी उतरवून मिळविलेल्या लाभाच्या चौपटीहून अधिक हानी टपावरच्या पाच माणसांनी केली. ज्या गावात वाहनाच्या टपावर आणि मागच्या फळीवर माणसे लोंबकळत बाजाराला जातात, त्या गावाला कमानीची दुरुस्ती वाचवू शकत नाही. तेथे गाडी नव्हे, तर भार खाली आणावा लागतो.

उंचीशी बांधलेले इतर भाग

वाहनातील कित्येक भाग त्याच्या मूळ उंचीला धरून मापलेले असतात. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलला की त्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस लवकर झिजतात आणि गाडी हादरू लागते. स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन बदलला की खड्ड्यात चाक वर उसळताच गाडी आपोआप एका बाजूला ओढ घेते. मूळ लांबीचे शॉक अॅब्सॉर्बर तळाशी आपटून निकामी होतात. ब्रेकची रबरी नळी सैल पडून टायरला घासू शकते.

यांतील दोन बाबी विशेष लक्ष देण्याजोग्या आहेत. गाडीचा मागचा भागच खाली आणला, तर पुढचे दिवे वर पाहू लागतात आणि समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपवितात. दुसरी बाब ब्रेकची आहे. पुष्कळ पिकअप गाड्यांत आणि मालमोटारींत मागच्या एक्सलशी जोडलेली एक झडप असते. एक्सल व चासी यांमधील अंतरावरून ती गाडी रिकामी आहे की भरलेली आहे, हे ओळखते आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला कमी-अधिक दाब देते. गाडी कायमची खाली बसविली म्हणजे ही झडप रिकाम्या गाडीलाही भरलेली समजते. मग ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावताच मागची चाके आधी जखडतात आणि गाडी आडवी फिरते. झडपेची जुळवणी नव्या उंचीप्रमाणे केल्याशिवाय असे वाहन रस्त्यावर आणणे म्हणजे संकटाला निमंत्रण देणे होय.

आपोआप बसलेले वाहन

हौसेने उतरविलेल्या वाहनांपेक्षा भाराने बसलेली वाहने आपल्या रस्त्यांवर अधिक दिसतात. ऊस, वाळू किंवा खडी यांच्या अतिभाराने जिच्या कमानी सपाट झाल्या आहेत, ती मालमोटार आपली सर्व शिल्लक संपवून बसलेली असते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अक्षभाराच्या मर्यादा वाढविल्या. चार टायरांच्या मागच्या एका अक्षासाठी मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. परंतु नवी मर्यादा कागदावर आली म्हणून जुन्या वाहनाच्या थकलेल्या कमानी बळकट होत नाहीत. वाहन सपाट जमिनीवर उभे करून चारही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर फितीने मोजावे. डाव्या-उजव्या मापांत ठळक फरक आढळला, तर कोणता तरी पाटा थकला आहे किंवा तुटला आहे, असे समजून तपासणी करून घ्यावी. या तपासणीला पाच मिनिटे आणि एक फीत एवढेच साहित्य लागते.

कायद्याची भूमिका

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट शब्दांत अधोरेखित केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अनधिकृत फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. म्हणून काम हाती घेण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. काम उरकल्यावर परवानगी शोधीत फिरणे हा मार्ग नव्हे.

जुन्या जीपच्या मालकांनी आणखी एक नियम ध्यानी घ्यावा. २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. तिची मुदत दहा वर्षांची असते आणि असे वाहन नित्याच्या अथवा व्यापारी वापरासाठी चालविता येत नाही. वाहन मूळ रूपात राखलेले असावे आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातील मुख्य अट आहे. चासी कापून उतरविलेली जीप या मानाला मुकते. एकेकाळी विकास गटाच्या सेवेत राबलेल्या गाड्यांपैकी ज्या मोजक्या आज खाजगी मालकांकडे टिकून आहेत, त्या ग्रामीण इतिहासाचा ठेवा आहेत, याचेही भान ठेवावयास हवे.

कायदा काळाबरोबर बदलतोही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी गाड्या जमिनीलगत उतरविण्याची कला जोपासली. चाकाच्या कड्याच्या खाली गाडीचा कोणताही भाग येता कामा नये, असा निर्बंध तेथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस आला. तेव्हा तेथील कारागिरांनी द्रवाच्या दाबाने गाडी वर-खाली करण्याची युक्ती काढली. सुमारे सहा दशकांनंतर, १ जानेवारी २०२४ पासून, तो निर्बंध उठविण्यात आला. परंतु त्या गाड्या सपाट डांबरी रस्त्यावर, मंद गतीने, मिरवणुकीच्या थाटात चालतात. आपल्या घाटरस्त्यांना आणि पावसाळी खड्ड्यांना तो दाखला लागू करणे शहाणपणाचे ठरणार नाही.

आराखड्यातच ठरलेली उंची

वाहन खाली असणे वाईट, असा या सर्व विवेचनाचा अर्थ मात्र नाही. आपल्याकडील शहरी बस दीर्घकाळ मालमोटारीच्या चासीवर बांधली जाई. त्यामुळे वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि अपंग प्रवाशांना तीत चढणे जिकिरीचे होई. पुढे केंद्र शासनाच्या शहरी बस मानकांनी ४०० मिलिमीटर उंचीच्या तळाची बस पुढे आणली. हवेच्या पिशव्यांवर तोललेली अशी बस थांब्यावर एका अंगाला आणखी झुकू शकते. येथे उंची कमी झाली ती चासी, एक्सल, ब्रेक आणि कमानी या सर्वांचा एकत्र विचार आराखड्याच्या पटावर झाल्यामुळे. लोहाराच्या भट्टीवर उतरविलेली जीप आणि आराखड्यातून उतरलेली बस यांतील फरक एवढाच आणि एवढा मोठा आहे.

गावपातळीवर काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. विज्ञान शिक्षकांनी स्थैर्याचा अंक विद्यार्थ्यांकडून फळ्यावर सोडवून घ्यावा. टपावर बसण्याचा धोका मुलेच घरी जाऊन सांगतील. शाळेची मुले वाहून नेणाऱ्या वाहनांच्या कमानी, यू-बोल्ट आणि दिव्यांची दिशा सत्राच्या आरंभी व पावसाळ्यानंतर तपासण्याचा आग्रह शाळा समित्यांनी धरावा. पंचायत सदस्यांनी बाजाराच्या दिवशी टपावरील प्रवासाला आळा घालावा. अधिकाऱ्यांनी योग्यता प्रमाणपत्राबरोबर वाहनाच्या प्रत्यक्ष उंचीकडेही नजर टाकावी. आणि ज्याच्या दारात जुनी जीप उभी आहे, त्याने ती उतरविण्यापूर्वी तिच्या खाली वाकून एक्सल आणि रबरी ठोकळा यांमधली ती चार बोटांची मोकळी जागा एकदा अवश्य पाहावी. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचा जीव त्या मोकळ्या जागेवर अवलंबून असतो.